दाराला अस्तर

ऊन ही तुमच्याआमच्यासाठी हवामानाची गोष्ट असते. माझ्या साडूंसाठी ती भाऊबंदकी आहे. सगळ्या नगर जिल्ह्यात उन्हाशी इतकं जातीनं वैर धरलेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या भट्टीपाशी त्यांची सारी नोकरी गेली, आणि निवृत्त होऊन घरी आल्या दिवशीच त्यांनी जाहीर केलं की यापुढं ऊन या घरात आपल्याला विचारल्याशिवाय येणार नाही. तेव्हापासून ते कुणाच्याही घरी गेले की चप्पल काढायच्या आधी भिंतीला हाताची उलटी बाजू लावतात, डॉक्टरनं पोराचं कपाळ बघावं तशी. "ताप आहे," एवढंच म्हणतात आणि यजमानाकडं अशा नजरेनं बघतात की त्या बिचाऱ्याला स्वतःलाच कणकण वाटायला लागते. आमच्या पुतणीच्या लग्नात अक्षता पडत होत्या, आणि हे मांडवाच्या पत्र्याखाली दोन्ही हात उंच करून उभे. लोकांना वाटलं, आशीर्वाद देताहेत. दोघातिघांनी वाकून नमस्कारही केला. साडू माझ्या कानाशी आले आणि म्हणाले, "पाहुणे, वरून नुसता जाळ येतोय. नवरानवरीला पूर्वेकडं सरकवा."

त्यांच्या या युद्धातली सगळ्यात मोठी लढाई झाली ती घरच्या गॅरेजात. त्यांचा मुलगा पुण्याला गेला, त्याच्याबरोबर गाडीही गेली, आणि गॅरेज रिकामं झालं. आक्कांनी, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीनं, तिथं शिवणाचा क्लास काढला. हे त्यांच्या मनात लग्नाच्याही आधीपासून होतं. मशीनी आल्या, बायका आल्या, फाल्गुनापर्यंत झकास चाललं. पण गॅरेजचं तोंड पश्चिमेला आणि दार म्हणजे लोखंडी शटर. उघडं ठेवावं तर ऊन थेट मशीनवर, बंद करावं तर आत तंदूर. एकेक बाई गळायला लागली. नागापूरहून येणाऱ्या एक जाडजूड काकू तेवढ्या स्पष्ट बोलल्या, "बाई, शिवण शिकायचं हाय वो, पर हितं आमचीच भाकर भाजून निघती. आता पाऊस पडल्यावर बघू." आक्कांनी मशीनींवर खोळी घातल्या आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. ते साडूंनी पाहिलं, आणि त्या दिवशी त्यांना दुपारचं जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शटरच्या आतल्या बाजूला, पत्र्याला अगदी खेटून, एक मेणबत्ती उभी केली. न पेटवता. तीन वाजता ती कमरेत वाकली. "बघा," साडू मला म्हणाले, "मेणबत्तीसुद्धा शरण गेली. मी नाही जाणार." मग त्यांनी बाजारातून थर्माकोलचे ताव आणले आणि दिवसभर खपून शटरच्या पट्टीपट्टीवर चिकटवले. संध्याकाळी आम्हा सगळ्यांना बोलावलं, हातात हळदीकुंकवाचं तबक घेतलेल्या आक्कांना पुढं उभं केलं आणि शटर वर ढकललं. शटर गुंडाळलं जातं, थर्माकोल गुंडाळला जात नाही, हे तेव्हा आमच्या सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं. कर्रर्र आवाज झाला आणि भर नगरात बर्फ पडला. आक्कांच्या केसांत, शेजारच्या वाळवणात, गल्लीतल्या काळ्या कुत्र्याच्या पाठीवर पांढरे मणी. शेजारीण चाळण घेऊन धावली. साडू शांतपणे म्हणाले, "चिकटला मात्र उत्तम होता."

मग गोणपाटं आली. ओली करून शटरला बाहेरून टांगायची, असा बेत. दोन दिवस खरंच गारवा आला, बायकाही बिचकत परतल्या. पण पाणी झिरपून झिरपून शटर गंजलं आणि एका दुपारी अर्ध्यात, गुडघ्याएवढ्या उंचीवर, अडकून बसलं. बायका आत. बाकीच्या सरपटत निघाल्या. नागापूरच्या काकूंनी साफ नकार दिला. "मी काय मांजर हाय व्हय?" त्या आत स्टुलावर बसून राहिल्या आणि त्यांनी चहा मागितला. साडूंनी तो शटरखालून सरकवला, बशीत बिस्किटं ठेवून. मिस्त्री येईपर्यंत दोघांचं त्या फटीतून उष्णतेवर संभाषण चाललं होतं, म्हणजे साडू बोलत होते आणि आतून "व्हय, व्हय" असं येत होतं.

त्या रात्री जेवताना आक्का म्हणाल्या, "अहो, ब्लाउजला अस्तर लावताना आम्ही ते कधी खळीनं चिकटवतो का? कापड वेगळं, अस्तर वेगळं, मधे जरा मोकळं. शटर राहू दे शटर. त्याच्या आत दुसरं दार करा."

साडूंचा घास हातातच राहिला. मग उष्ट्या हातानं त्यांनी बायकोला नमस्कार केला.

राळेगणच्या बाजूला एका बंद पडलेल्या दूध शीतगृहाचे जाड तक्ते विकायला निघाले होते. दोन्हीकडून पत्रा, मधे फोम. ते आणताना साडू टेम्पोत मागं बसले आणि वाटभर गाल तक्त्याला लावून होते. शटरच्या आत वीतभर जागा सोडून त्या तक्त्यांचं घडीचं दार झालं, खाली रबराची पट्टी आली. फटी शोधायला साडू उदबत्ती घेऊन दाराच्या कडेनं फिरायचे. धूर जिथं हलेल तिथं रबर. समोरच्या आजी प्रसादाला येऊन बसल्या. शेवटी एकही फट उरली नाही, तेव्हा आक्का म्हणाल्या, "गार झालं हो, पण आता श्वास काय आम्ही घरून भरून आणायचा?" मग उत्तरेच्या भिंतीत खाली जाळी आणि वर पंखा बसला. वैशाखातल्या दुपारी तीन वाजता आतल्या दाराजवळची मेणबत्ती ताठ उभी होती, आणि साडू तिच्याशेजारी तिच्याहून ताठ. बायका परत आल्या. प्रत्येकीला पहिला टाका घालायच्या आधी दाराबद्दल व्याख्यान ऐकावं लागे, एवढाच काय तो त्रास.

परवा दुपारी त्यांच्याकडं गेलो. व्याख्यानाची तयारी मनाशी करूनच आत शिरलो, तर गॅरेज गच्च भरलेलं आणि आवाज मात्र कसलाच नाही. मशीनी थांबलेल्या. साडू खुर्चीत मान कलती करून झोपले होते. आक्कांनी ओठांवर बोट ठेवलं.

"मला काहीतरी सांगतच होते," त्या कुजबुजल्या. "हल्ली असं होतं. बोलता बोलता डोळा लागतो."

"झोपू द्या वो," नागापूरच्या काकू म्हणाल्या. "मशीन मागनं चालवू. तवर हातशिलाई करू."

साऱ्याजणी सुईदोरा घेऊन बसल्या. मीही एका स्टुलावर टेकलो. बराच वेळ गेला. या माणसाचं बोलणं कधीतरी थांबावं म्हणून मी आजवर किती देवांना साकडं घातलं असेल! आणि आता ते थांबलं होतं, तर मला तिथं करमेना.