धुरावरची मांडी आणि आमच्या वन्सं

लालबाग-परळात आमच्या वन्संइतकी काळजी करणारी बाई दुसरी सापडली, तर मी तिची खणानारळाने ओटी भरीन. वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद. शाळेचं वेळापत्रक लावण्यात सगळी नोकरी गेली, त्यामुळे उशीर त्यांना सोसतच नाही. दादरला लग्न असलं की इतक्या लवकर पोचतात, की हॉलवाले खुर्च्या मांडत असतात आणि वन्संना केटरिंगवाली समजून चहा मागतात. अशा बाईने निवृत्तीनंतर छंद कोणता लावून घ्यावा? बोकडाची अख्खी मांडी मंद धुरावर शिजवण्याचा! चिंचपोकळीच्या एका वर्कशॉपमधून लोखंडी पिंप कापून आणलं. खाली कोळसे आणि आंब्याची लाकडं, वर जाळी. चाळीच्या गच्चीवर पहिल्यांदा धूर निघाला तेव्हा समोरून कुणीतरी अग्निशमन दलाला फोन केला. धावत वर आलेल्या जवानांना वन्संनी काकुळतीने विचारलं, "तुमच्या अंदाजाने अजून किती वेळ लागेल हो?"

किलोला दोन तास, हा त्यांचा हिशोब. पण मांडी जाड निघाली, वारा सुटला, कोळसा दमट लागला, की तो कोलमडतो. मधेच मांसाला घाम सुटतो आणि आत खुपसलेल्या थर्मामीटरचा काटा तासन्‌तास जागचा हलत नाही. तेव्हा वन्संचा चेहरा ऑपरेशन थिएटरबाहेर बसलेल्या माणसासारखा होतो.

यंदा थंडीत एका रविवारी भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, जेवायला यायचे होते. सासूबाई गेल्या तेव्हा ते वेळेत पोचले नाहीत, त्यावरून बहीणभावांत पडलेला अबोला गेली काही वर्षं टिकून होता. एकला जेवू, तीनला निघेन, असं त्यांनी फोनवर ह्यांना सांगितलं होतं. वन्संनी उजाडताच कोळसे पेटवले आणि दुपार व्हायच्या सुमारास नेमका काटा अडला. त्या पिंपाभोवती येरझारा घालत होत्या, चष्मा पुसत होत्या, मला दर थोड्या वेळाने रस्ता बघायला पिटाळत होत्या. ह्यांनी झाकणाला हात लावला तर मनगट धरलं, कारण झाकण उघडलं की धग जाते. ह्यांनी कुकरचं नाव काढलं, तेव्हापासून ह्यांच्याशी बोलणंच बंद.

भाऊजी बरोबर एकला गच्चीवर आले. वन्संनी वर पाहिलंच नाही.

"अजून झालं नाही," त्या म्हणाल्या. "माझ्याकडूनच उशीर झाला."

भाऊजी प्लास्टिकच्या खुर्चीत बसले. मी भाकरी आणि सोलकढी आणू का विचारलं, तर थांबतो म्हणाले. तीन वाजून गेले तरी उठले नाहीत. मग खुर्ची पिंपाजवळ ओढून एकेक लाकूड आत सारू लागले आणि विस्तवाकडे बघतच बोलले.

"आईच्या वेळी मी निघालो होतो, ताई. गाडी घाटात अडकली."

"मला ते तेव्हाच कळलं होतं," वन्सं म्हणाल्या. "तरी मीच तुला कधी फोन केला नाही."

पुढे बराच वेळ दोघं आईबद्दल बोलत राहिले. मी आणि हे खाली निघून आलो.

मांडी उतरली तेव्हा ऊन कलून गेलं होतं. हाडाजवळ लोण्यासारखी मऊ, पण एक बाजू चामट. भाऊजींनी ती चामट बाजूच मागून घेतली. निघताना त्यांनी विचारलं, पुढच्या वेळी किती वाजता येऊ?

वन्संनी खूप विचार केला. "सकाळीच ये," त्या म्हणाल्या. "याचं काही सांगता येत नाही."

भाऊजी वळणापलीकडे गेले तरी त्या कठड्याशी उभ्याच होत्या. मागे पिंपात कोळसे अजून धुमसत होते. मी हळूच त्यांवर पाणी शिंपडलं. चर्र आवाज झाला, पण वन्संनी मागे वळून पाहिलं नाही.