दोन बोटांची फट

आमचं दुसरं घर रोज सकाळी डावीकडे कललेलं सापडायचं. संध्याकाळी सरळ उभं केलेलं, सकाळी मागचा डावा कोपरा बसलेला. या घराला सहा चाकं होती. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी एका पुढाऱ्यानं ती बस स्वतःच्या प्रचारासाठी बांधून घेतली होती. आत पलंग, बेसिन, दोन शेगड्यांचा ओटा आणि छताला एक झाकण, ज्यातून अर्धं बाहेर येऊन जनतेला हात हलवता येई. जनतेच्या रस्त्यांनी पुढाऱ्याची पाठ दुखू नये म्हणून मागच्या चाकांवर कमानपाट्यांऐवजी हवेचे रबरी फुगे बसवले होते. पुढे पुढारी पडला, बस भंगाराच्या वाटेला लागली आणि पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या माझ्या नवऱ्यानं ती दुसरबीडला आमच्या घराशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर आणून उभी केली.

"आता देश बघायचा," तो म्हणाला. मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला होता. नकाशातला देश मला पुरेसा होता.

हायवेवर शेड टाकून ट्रकच्या एअर ब्रेकची कामं करणारा एक वयस्कर मिस्त्री आम्हाला या फुग्यांचं शास्त्र शिकवायला येत असे. हवेच्या टाकीतलं पाणी रोज काढायचं. साबणाचं पाणी लावून बुडबुडा कुठे येतो ते पाहायचं. "रबर हाय मॅडम, आपल्या इकडचं ऊन त्याले खाते," असं म्हणत त्यानं फुग्यावरच्या भेगा दाखवल्या. फुगा बदलला, तरी कोपरा बसायचाच. मग दोष सापडला तो मुठीएवढ्या एका वॉल्व्हमध्ये. त्याला एक छोटा हात असतो आणि तो हात दांडीनं चाकाच्या आसाला जोडलेला असतो. गाडी दबली की हात वर जातो, हवा भरते. गाडी उचलली की हात खाली येतो, हवा सुटते. दांडीच्या सांध्यातलं रबरी बूच झिजलं होतं. ते नवऱ्याला स्वतः बदलायचं होतं, कारण निवृत्त इंजिनिअरला काहीतरी स्वतः करायचंच असतं.

"साहेब, दांडी सुटली अन् हात खाली पडला, का गाडी बसली," मिस्त्री म्हणाला. "खाली कोन हाय ते थे इचारत नाई. माह्या उस्तादाले नव्हतं इचारलं."

हे त्यानं इतक्या साधेपणानं सांगितलं की मी त्या उस्तादाचं पुढे काय झालं ते विचारलं नाही. पण त्या दिवसापासून मला सगळीकडे हवा सुटल्याचा आवाज येऊ लागला. कुकरची शिट्टी सुटायच्या आधीचा सुस्कारा, स्टँडवर एसटी थांबतानाचा ब्रेक, सायकलवाल्यानं काढलेला वॉल्व्ह. प्रत्येक वेळी मी हातातलं काम टाकून नवरा कुठे आहे ते बघायची. नवरा गाडीखाली असताना तर मी तोंडानं श्वास घ्यायची, म्हणजे माझ्याच नाकाचा आवाज मला घाबरवणार नाही.

यावर मिस्त्रीनं दिलेला उपाय म्हणजे बाभळीचे दोन ठोकळे, मागे डावीकडे एक आणि उजवीकडे एक. काळ्या मातीत रुतू नयेत म्हणून खाली फळी. ठोकळा आणि गाडीची चासी यांच्यात दोन बोटांची फट ठेवायची, कारण टेकला तर उंची नीट लागत नाही.

"हवा हाय तवर ठोकळा बेकार दिसन. दिसू द्या," तो म्हणाला. "अन् एक मानूस भाईर पाह्यजे. डाव्या ठोकळ्यावर हात. बादशा आला तरी हटायचं नाई."

तो माणूस मी. अख्ख्या नोकरीत मला इतक्या जबाबदारीचं काम कोणी दिलं नव्हतं.

निघण्याच्या दिवशी ज्येष्ठ नागरिक मंडळानं निरोप समारंभ ठेवला. अध्यक्ष म्हणजे आमच्याच शाळेचे माजी मुख्याध्यापक. फ्लेक्सवर आमचा फोटो पासपोर्टएवढा आणि पदाधिकाऱ्यांचे नऊ फोटो त्याच्या दुप्पट, जणू देश तेच बघायला निघाले होते. प्रमुख पाहुणे तालुक्यातले एक माजी कोणीतरी. माजी झाल्यापासून त्यांना कार्यक्रम जास्त मिळत होते. कार्यक्रम दहाचा. नवरा आठ वाजताच म्हणाला, "अर्ध्या तासात बूच बदलून होतं," आणि उजव्या बाजूनं गाडीखाली शिरला. मी डावीकडे ठोकळ्यावर हात ठेवून उकिडवी बसले.

पाहुण्यांना बीबी गावी लग्नाला जायचं होतं, म्हणून ते साडेआठलाच आले. स्पीकर सुरू झाला. अध्यक्ष लगबगीनं माझ्याकडे आले.

"मॅडम, अहो पाहुणे दारात उभे! ताट कुठंय? ओवाळायचं कोणी?"

"सर, हे गाडीखाली आहेत."

"असू द्या, असू द्या. तोवर पाहुणे गाडी बघतील."

मी काहीतरी म्हणाले, ते स्पीकरच्या आवाजात बुडालं. ज्यांनी तीस वर्षं माझी हजेरी घेतली त्यांच्यापुढे मी अजूनही उभी राहते, हे त्या दिवशी कळलं. दारात पाहुणा आणि घरात ताट नाही, हेही मला बसू देत नव्हतं. एरवी असल्या सत्कारांना मी मनात हसते. दोन मिनिटांत येते, असं स्वतःलाच सांगून मी आत गेले. निरांजनाची वात भिजेना, काडी विझली, दुसरी लावली.

ताट घेऊन बाहेर आले तेव्हा पाहुणे बसमध्ये चढत होते. बसचं दार मागच्या चाकापासून चार पावलांवर, आणि पायरी उंच. पाहुण्यांचे गुडघे दुखतात. त्यांच्या पायाखाली कोणीतरी भक्तिभावानं एक पाट दिला होता, त्यावर सतरंजीचा तुकडा. सतरंजीच्या कडेखालून बाभळीची साल दिसत होती.

चाकाजवळ नुसती फळी उरली होती.

एकामागून एक पाच माणसं आत गेली. गाडी डावीकडे किंचित दबली. मला ओरडायचं होतं, पण तोंड उघडूनही आवाज येईना. आणि मग तो आला. माझा नव्हे, हवेचा. स्पीकरच्या सनईखालून, बारीक, सलग.

ताट कुठे पडलं मला माहीत नाही. मी ठोकळ्यावरची सतरंजी ओढली. त्यावर एक पाय ठेवून उभे असलेले मंडळाचे सचिव "अरे, अरे" करत बाजूला झाले. ठोकळा मला हलेना. तेवढ्यात फाटकातून, समारंभासाठी पांढऱ्या कुर्त्यात आलेला मिस्त्री धावला. त्यानं माझं तोंड पाहिलं होतं की आवाज ऐकला होता, कोण जाणे. लाथेनं त्यानं ठोकळा गडगडवला, मी मागून रेटला. चाकाशी पोचलो तोवर दोन बोटांची फट संपली होती. उभा ठोकळा जाईना. मिस्त्रीनं तो आडवा पाडला आणि दोघांनी आत ढकलला. माझी बोटं त्यानं मनगट धरून मागे खेचली. गाडी कण्हत खाली आली, लाकडावर टेकली आणि थांबली.

आत बसमध्ये सगळे एकदम डावीकडे झुकले. पाहुण्यांनी खांबाला धरलं, स्वतःला सावरलं आणि दारातून बाहेर बघत म्हणाले, "वा! गाडीसुद्धा वाकून नमस्कार करते की!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी गुडघ्यांवर खाली वाकून पाहिलं. नवऱ्याच्या छातीवर, वीतभर अंतरावर, चासीचं लोखंड. त्याचा चष्मा शेजारी मातीत. तो म्हणाला, "वॉल्व्हचा हात सटकला गं." मग सरकत सरकत उजवीकडून बाहेर गेला. ग्रीसच्या हातांनी त्यानं नारळ घेतला, हार घालून घेतला. भाषणं झाली. आम्ही देशाची एकता जोडायला निघालो असल्याचं त्यात कळलं. मी फ्लेक्सच्या बांबूला धरून उभी होते.

भाषणं संपल्यावर मिस्त्री गाडीखाली गेला. बूच त्यानंच बसवलं. मग शेडवरून साखळी आणून दोन्ही ठोकळे चासीला बांधले, कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. "काऊन गेलता मॅडम?" एवढंच हळू विचारलं. मी किल्ली पदराला बांधली. ओवाळायला, असं त्या माणसाला कसं सांगायचं?

पहिला मुक्काम हिवरा आश्रमला झाला. तिथे भेटेल त्याला नवरा सांगत होता, "ही ठोकळ्यापाशी होती म्हणून मी वाचलो." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी भांडी घासत होते, घासत राहिले. दुसऱ्यांदा ऐकलं. तिसऱ्यांदा तो ते चहावाल्याला सांगू लागला, तेव्हा त्याला बाजूला नेऊन मी सगळं सांगितलं. ताट, वात, काडी, सतरंजी.

तो चहाचे पैसे देऊन गाडीत गेला. रात्री जेवून भिंतीकडे तोंड करून झोपला. 

सकाळी गाडीखालच्या हवेच्या टाकीतलं पाणी काढायचं होतं. मी कुलूप काढलं, फळी ठेवली, ठोकळे लावले, दोन बोटं घालून फट मोजली आणि डावीकडे बसले. एरवी तो न बघता खाली शिरायचा. त्या दिवशी गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला आला. वाकून त्यानं ठोकळ्याकडे पाहिलं, त्यावरच्या माझ्या हाताकडे पाहिलं. रस्त्यावरून कोणीतरी "चहा घेता का हो?" म्हणून हाक मारली. मी मान वळवली नाही.

मग तो पाठीवर झोपला आणि खाली सरकला.