बाजारातलं वस्तुसंग्रहालय

लातूरच्या बाजारपेठेत निजामाच्या काळातली एक दगडी कचेरी आहे. जाड भिंती, उंच दारं, आणि बरीच वर्षं कुलपात. आसपासच्या गावांतून गोळा झालेल्या जुन्या मूर्ती, वीरगळ, शिलालेख तिथं ठेवून वस्तुसंग्रहालय करावं, की त्यासाठी बायपासला काचेची नवी इमारत उभारावी, यावर मध्यंतरी गावात चांगलीच जुंपली. मी नांदेडला कॉलेजात इतिहास शिकवते; लातूर माझं माहेर. मला कुणीही मत विचारलं नव्हतं. तरी मी दर शनिवारी एसटीत बसून लातूर गाठायला लागले, कारण मला ते बाजारातच हवं होतं. माणसं बाजारात असतात. बायपासला ट्रक असतात.

मी आणि इथल्या शाळेतल्या दोन शिक्षिका, अशा तिघी दुकानोदुकान फिरलो. मत नाही असा माणूस लातुरात जन्माला येत नाही. डाळमिलवाले म्हणाले, पार्किंग कुठंय? कापडवाले म्हणाले, जागा क्लासवाल्यांना द्या, भाडं तरी येईल. एका मेडिकलवाल्यानं विचारलं, "तिथं बघायचं काय असतंय? आन बघून करायचं काय?" हा प्रश्न मला मनापासून आवडला, पण उत्तर द्यायच्या आत त्याचं गिऱ्हाईक आलं. एका म्हाताऱ्या किराणा दुकानदारानं तर सरळ सुनावलं, "बाई, तू आता नांदेडची. तुझं मत तिकडं दे." मी पुढच्या शनिवारी पुन्हा त्याच दुकानाची पायरी चढले. त्याच्या पुढच्याही. तिसऱ्या खेपेला त्यानं चहा मागवला, मत मात्र बदललं नाही.

सगळ्यात मोठा विरोध घरातूनच होता. माझा थोरला भाऊ, आमचा अण्णा, त्याचं आडतीचं दुकान कचेरीच्या अगदी समोर. कपाळाला विभूती लावल्याशिवाय तो शटरला हात लावत नाही. त्याचं म्हणणं साधं होतं आणि सगळी पेठ त्याला मान डोलावत होती.

"खंडित मूर्ती कुणी घरात ठेवत न्हाई, नदीत सोडतेत. आन तू त्या दुकानासमोर मांडून राहिलीस. सकाळी शटर उघडलं की फुटक्या देवाचं तोंड बघायचं का आम्ही?"

"देवच आहेत ना? मग तोंड बघायला काय झालं?"

"तुला कॉलेजात पगार हाय. मला गिऱ्हाइकावर जगायचंय."

मला हे लई झोंबलं, कारण त्या फुटक्या देवांत एक आमच्याच मूळ खेडेगावचा होता. गावातल्या महादेवाच्या देवळाचा जीर्णोद्धार झाला, चकचकीत फरशी बसली, राजस्थानातून पांढरा नंदी आला. जुना काळा नंदी, नाक फुटलेला, एक शिंग गेलेला, देवळामागं उकिरड्याच्या कडेला जाऊन बसला. नव्या नंदीच्या वर्गणीत अण्णाच पुढं होता. मी गावकऱ्यांना विचारून जुना नंदी टेम्पोत घालून लातूरला आणला, तेव्हा त्यानं माझ्याशी आठवडाभर अबोला धरला. धरेना का! नंदी उकिरड्यावर राहू द्यायचा नाही, हे माझ्यापुरतं ठरलं होतं.

शेवटी कलेक्टरसाहेबांनी तोडगा काढला. कचेरीच्या पुढच्या दोन खोल्यांत उन्हाळाभर संग्रहालय चालवून बघायचं, आणि मग जाहीर सभेत हात वर करून कायमची जागा ठरवायची. मी उन्हाळ्याची सुट्टी माहेरी काढली. आम्ही तिघींनी जळमटं काढली, चौथरे बांधून घेतले, नंदीसमोर दोरी लावली आणि 'हात लावू नये' अशी पाटी अडकवली. मोठ्या शहरांत असतो तसा साप्ताहिक सुट्टीचा वारही ठरवला. सोमवार.

महादेवाच्या वारी, लातुरात, नंदीला कुलूप! तिघी शिकल्यासवरलेल्या बायका, पण एकीच्याही डोक्यात आलं नाही.

पहिल्याच सोमवारी सकाळी अण्णाचा फोन आला. "तुझ्या म्युझियमपुढं बायकांनी रस्ता अडवलाय. ये अन् निस्तर." मी धावत गेले. हातात बेल, तांबे, आणि हा गलका. आमच्या गावाकडच्या, लातुरात लेकांकडं राहायला आलेल्या म्हाताऱ्या होत्या सगळ्या. सगळ्यात पुढं आमची अव्वा, माझी आई. घरी म्हणाली होती, शेजारी जाऊन येते.

"सोमवारी नंदीला कोंडून घातलीस व्हय गं?"

मी मुकाट्यानं कुलूप काढलं. अव्वा दोरीखालून वाकून आत गेली, पाटीकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. नंदीशेजारी टेकली, एका हातानं त्याचा पलीकडचा कान झाकला आणि अलीकडच्या कानाशी तोंड नेऊन कुजबुजायला लागली. आमच्याकडं मनातलं असंच नंदीच्या कानात सांगतात, म्हणजे ते महादेवापर्यंत पोचतं. गावातल्या नव्या नंदीला स्टीलची जाळी बसवली, तेव्हापासून तिचं हे सांगणं बंद पडलं होतं.

"अगं, तो तर फुटल्याला हाय," मागून कुणीतरी म्हणालं.

"नाक फुटलंय," अव्वा म्हणाली. "कान शाबूत हायती."

आम्ही सुट्टी मंगळवारी नेली. तेल आणि कुंकू मात्र मी लावू दिलं नाही. दगड खराब होतो. त्यावरून अव्वाशी माझं कडाक्याचं भांडण झालं. शेवटी कान तेवढा मोकळा ठेवायचा, असं ठरलं. पुण्याहून आलेल्या एका जाणकार पाहुण्यानं नाक मुरडलं, "हे संग्रहालय आहे की देऊळ?" मी म्हटलं, तुम्ही आत आलात, त्याही आत आल्या, आणखी काय पाहिजे?

सभेच्या दिवशी हॉल गच्च भरला. पार्किंगवाले, क्लासवाले, बायपासवाले, सगळे आपापली मतं घेऊन आलेले. मी भाषणाची जय्यत तयारी केली होती. पण माझ्याआधी अण्णा उठला आणि पेठेतली माणसं सरसावून बसली.

"मी ह्याच्या विरोधात होतो," तो म्हणाला. "आमची अव्वा दर सोमवारी रस्ता वलांडून त्या नंदीकडं जाती. मी गल्ल्यावरून बघतो. लई येळ त्याच्या कानात बोलती." त्यानं रुमालानं तोंड पुसलं. "घर भरून माणसं हायती आमची. तिचं ऐकाया कुणालाच येळ न्हाई. तो ऐकतो. बायपासला नेला तर ती जायची कशी? त्याला हितंच राहू द्या."

हात वर करायला सांगितलं तेव्हा पेठेतल्यांनी आधी अण्णाकडं बघितलं, मग एकेक हात वर गेला. मला रडू आवरेना. संग्रहालय बाजारातच राहिलं.

संध्याकाळी जेवायला बसलो. अण्णानं उठून टीव्ही बंद केला आणि भाकरी मोडता मोडता विचारलं, "अव्वा, त्याला एवढं काय सांगत असतीस गं?"

अव्वानं त्याच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"तुमचंच की," ती म्हणाली. "दुसरं काय हाय मला?"