सिकलवाली रोशनी

"मी रोशनी. सिकलवाली. आता विचाराचं काही राह्यलं नाई ना?"

वडशाच्या कॉलेजात अकरावीच्या पहिल्याच दिवशी सगळे एकमेकांना नाव-गाव विचारत होते, तेव्हा तिने स्वतःची ओळख अशी करून दिली. आमच्या भागात सिकलसेल कोणाला माहीत नाही असं घर नाही, आणि तो लपवत नाही असंही घर क्वचितच. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, नसांत अडकतात आणि हाडं आतून फोडावीत तसं दुखतं. मुलीला असेल तर आईबाप शेजाऱ्यालाही कळू देत नाहीत. रोशनीचे डोळे पिवळसर होते, मनगटं काडीसारखी. पाहणारे आपसात कुजबुजायचे, ते तिला खपत नसे. "मांगून बोलन्यापरीस समोर विचारा ना. माह्यं रक्त हाय, मले काऊन लाज वाटन?"

खेळाचे सर तिला रोज झाडाखाली बसवून ठेवायचे. एक दिवस ती उठून त्यांच्यापुढे उभी राहिली. "सर, बसून बसून झाड बी कंटाळलं मले. पळता येत नाई, पन दिसते तं मले." सरांनी हसून तिच्या हातात शिट्टी दिली, आणि आमच्या कबड्डीला पंच मिळाला. तो असा पंच, की धिप्पाड पोरंही तिच्याशी वाद घालताना दोनदा विचार करायची.

मी एकदा वाद घातला होता. माझा पाय रेषेबाहेर गेलाच नाही, असं मैदानात ठासून सांगत होतो. ती जवळ आली, मातीतल्या माझ्याच टाचेच्या ठशावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हा कोनाचा पाय? तुह्या आज्याचा?" सगळं मैदान हसलं. मी बाद झालो, आणि खरं सांगायचं तर तिथेच कायमचा बाद झालो.

दिवाळीनंतर एका दुपारी बसस्टँडवर मी धीर करून मनातलं बोललो. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "रक्त तपासलं का तू?"

"आता त्याचं काय?"

"पयले रक्त तपास, मंग प्रेम कर. आपल्याकडं उलटं करते लोक, अन लेकरं भोगते."

मी तपासून आलो. मला आजार नव्हता, पण मी वाहक होतो. म्हणजे आमची मुलं झालीच तर त्यांना तो होण्याची भीती निम्मी. हे मी तिला सांगितलं. ती मोठ्याने हसली. "घ्या! एवढ्या पोरांत एक भेटला, तो बी अर्धा विळा!" मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, "लेकरं नाई होऊ देऊ. पन म्हनून तू सोडून जातो म्हनशीन, तं ते नाई चालनार. जाचं असन तं मी जाईन."

थंडीत तिचं दुखणं उसळायचं. एकदा ती गडचिरोलीला दवाखान्यात होती, मी एसटीने गेलो. तिचे बाबा राइस मिलमध्ये काम करायचे. ते खाटेशेजारी तिचे पाय दाबत बसले होते. माझ्याकडे त्यांनी एकदाच पाहिलं आणि मान खाली घातली. मी कोण हे त्यांना कळलं होतं, आणि मी त्यांच्या जातीचा नाही हेही. रोशनी ओठ चावून पडली होती. माझे डोळे भरलेले दिसताच म्हणाली, "रडाचं असन तं बाहेर जा. इथी रडाची पाळी माही हाय."

बारावी झाली आणि तिच्या मामाने एक स्थळ आणलं. आजाराविषयी अवाक्षर काढायचं नाही, अशी ताकीद होती. पुढचं तिनेच मला सांगितलं, सगळ्यांच्या नकला करत. पाहुण्यांपुढे पोहे ठेवले, पदर सावरला आणि म्हणाली, "मले सिकल हाय. तुमच्या पोराचं रक्त तपासलं का?" पोहे तसेच राहिले, पाहुणे उठले. मामा ओरडला, आई रडायला लागली. बाबा तेवढे जागचे हलले नाहीत. पाहुणे गेल्यावर म्हणाले, "बरं केलं बाई. कोनाच्या घरात खोटं बोलून कितीक दिवस राह्यली असती तू?" हे वाक्य सांगताना मात्र तिला नक्कल जमली नाही.

पुढच्या पावसाळ्यात तिच्या छातीत दुखायला लागलं. श्वास लागत होता, नागपूरला न्यायचं ठरलं. अँब्युलन्सच्या दाराशी मी उभा होतो. ऑक्सिजनचा मास्क बाजूला सारून ती म्हणाली, "असं तोंड नको करू. भीत नाई मी, राग येऊन राह्यला मले. अजून किती कराचं होतं." परिचारिकेने मास्क नीट बसवला. गाडी निघाली. ती नागपूरला पोचली नाही.

दुसऱ्या दिवशी तिच्या गावी गेलो. अंगण माणसांनी भरलं होतं. मी कुंपणापाशीच थांबलो. आत जायला माझं नातं काय होतं? तिरडी उचलायची वेळ झाली. तिच्या बाबांनी गर्दीत पाहिलं आणि मला हाक मारली. "इकडं ये."

मामा पुढच्या दांड्याशी उभा होता. "हा कोन? आपल्यातला नाई हा."

"माह्या पोरीचा मानूस हाय," बाबा म्हणाले. आयुष्यभर खालच्या आवाजात बोललेला तो माणूस सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं बोलत होता. "तिनं निवडला होता. सरक, खांदा देऊ दे त्याले."

मामा बाजूला झाला. पुढचा उजवा दांडा बाबांनी घेतला, डावा मी.