पहिल्याच बोटावर

दस्तगीर गेल्याचं मला सौद्यात कळलं. गुळाच्या रव्यांभोवती व्यापारी उभे होते, माझ्या अडतीतल्या मालाचा भाव चढत होता, आणि आजऱ्याहून आलेला एक ट्रक ड्रायव्हर गर्दीतून घुसून माझ्या कानाशी म्हणाला, "शेट, दस्तगीरभाई गेले. काल दुपारी माती झाली." मी त्याला हातानं थांब म्हटलं, सौदा पुरा केला, मग येऊन गादीवर बसलो. रडू आलं नाही. पहिला विचार आला तो हा, की आता भांडायचं कुणाशी?

त्याला महिना होऊन गेला. माणूस गेला की राग धुऊन टाकावा म्हणतात. माझा धुतला गेलेला नाही. त्यात आता दुसरंच काहीतरी मिसळलंय, आणि ते काय आहे हे मला नीट सांगता येत नाही... म्हणून लिहायला बसलोय.

चौसष्ट-पासष्टचा सुमार असेल. मुरगूडच्या जनावरांच्या बाजारात मी जमिनीवर पोतं अंथरून कासरे आणि घुंगरमाळा विकत होतो. दस्तगीर तिथला बैलांचा दलाल. त्या बाजारात भाव तोंडानं बोलत नसत. घेणारा आणि देणारा समोरासमोर उभे राहायचे, हातांवर रुमाल टाकायचे आणि खाली एकमेकांची बोटं धरून भाव करायचे. तोंडानं मात्र पाऊसपाण्याच्या गप्पा. पटलं की रुमाल ओढायचा. एकदा रुमाल ओढला की सौदा झाला, मग आभाळ कोसळलं तरी फिरायचं नाही. चार पैसे जमल्यावर मी पहिला बैल घ्यायला उभा राहिलो तेव्हा समोरच्यानं बोट धरताच मी रुमालाला हात घातला. दस्तगीरनं माझं मनगट धरलं आणि बाजूला ओढून म्हणाला, "पावणं, बैल घ्यायला आलाय का सोयरीक करायला? पहिलं बोट म्हंजे रामराम. रामरामाला कोण भाव म्हणतंय व्हय?"

त्या एका वाक्यावर मी कोल्हापुरात अडत उभी केली. दोराचं पोतं सोडलं, गुळात शिरलो, भल्याभल्यांना घाम फोडला. पहिला भाव मी उभ्या आयुष्यात मान्य केला नाही, भाजीवालीचा नाही की मुलीच्या सासऱ्याचा नाही. दस्तगीर मुरगुडातच राहिला. पण कोल्हापुरात आला की माझ्या गादीवर पाय पसरून बसायचा आणि गिऱ्हाइकांदेखत म्हणायचा, "काय शेट, कासरा कसा दिला?" दुसरा कोणी असता तर त्याला मी पायरी उतरायला लावली असती.

माझ्या गुळाच्या गाड्या कोकणात उतरायच्या. एकदा गाडीबरोबर मी मालवणला गेलो आणि तिथंच अडकलो. समुद्रावर कोणी विचारत नाही, तू कुणाचा, कुठल्या आळीचा. मी लहान असताना माझा बाप गावातल्या मोठ्या घरांच्या मागच्या दाराशी ताकासाठी उभा राहायचा. खेडं म्हटलं की मला ते मागचं दार दिसतं. पंच्याहत्तरच्या आसपास मी बंदराजवळ एक जांभ्या दगडाचं घर घेतलं. मुद्दाम दोन चुली असलेलं. एक माझी, एक दस्तगीरची, मध्ये विहीर. म्हातारपणी दोघं पडवीत बसून येणाऱ्या होड्यांवर पैजा लावू, असा माझा बेत. त्याला घर दाखवायला नेलं. तो सगळीकडं फिरला, विहिरीत वाकून बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे चोळत पडवीत आला.

"कसं वाटलं?"

"घर झ्याक हाय. पण ह्यो गडी गप कवा बसतोय?"

"कोण?"

"समुद्र की! बाजार उठला, गिऱ्हाईक गेलं, तरी ह्याची बडबड चालूच."

मी चिडलो. तो हसत राहिला, मग म्हणाला, "जल्म गोंगाटात गेला, शेट. आता जरा ऐकू येईल अशा जागी जाऊन बसावं म्हणतोय." त्याच्या मनात खतिजा वहिनींचं माहेर होतं. आजऱ्याजवळ भाताच्या खाचरांच्या कडेला मोजकी घरं, संध्याकाळी गुरांच्या गळ्यातल्या घंटा सोडल्या तर आवाज नाही. "तिथं काय करणार तू? माश्या मारणार?" मी विचारलं. "मारू की. दोघं मिळून मारू," तो म्हणाला.

हा वाद आमच्यात दोन-तीन वर्षं चालला. शेवटी एका ईदेला त्याच्या घरी बसलो असताना मी त्याच्याच खांद्यावरचा लाल चौकड्यांचा रुमाल ओढून आमच्या हातांवर टाकला. दोघांच्या बायका स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. मी म्हटलं, "एक बोट मालवण, दोन बोटं तुझं खेडं. बोल." तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला. वरवर म्हणाला, "यंदा शिरखुर्म्यात खारीक कमी पडली." आणि खाली त्यानं माझं एक बोट धरलं. मी तत्क्षणी रुमाल ओढला. "ठरलं!" सगळे हसले. तो पण हसला, पण माझ्या हातातल्या रुमालाकडं जरा जास्तच वेळ बघत होता, हे मला आता आठवतंय. की आता आठवतंय असं वाटतंय... सांगता येत नाही.

पुढच्या वर्षी त्यानं मुरगूडचं घर विकलं आणि निरोप पाठवला, आम्ही आजऱ्याकडं चाललो.

मी वेडा व्हायचा बाकी होतो. रुमालाखालचा शब्द दस्तगीरनं मोडला! ज्यानं परक्या माणसाला दिलेला शब्द कधी फिरवला नाही, त्यानं मला दिलेला फिरवला. मी जाणं-येणं तोडलं. मालवणच्या घराला कुलूप घातलं. एकटा त्या पडवीत बसून काय करू? त्यानंतर तो एकदाच भेटला, कोल्हापूरच्या स्टँडवर, आजऱ्याच्या गाडीत खिडकीशी. मी खालूनच आवाज चढवला, "मुरगुडाच्या बाजारात असला खोटा दलाल झाला न्हाय!" गाडीतली माणसं बघायला लागली. तो शांतपणे म्हणाला, "शेट, पर तुमी भाव कुठं केला?" गाडी सुटली. ती शेवटची भेट.

त्या बोलण्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. तो गेल्यावर वहिनींना भेटायला त्या खेड्यात गेलो तेव्हा त्यांनीच सांगितला. चहाचा कप पुढं सरकवत म्हणाल्या, "भावजी, त्ये नेहमी म्हणायचे, शेटनं पहिल्याच बोटावर रुमाल ओढला. जल्मात कुणाचं पहिलं बोट मानलं न्हाय, आन माझंच मानलं. मी आपला मान म्हणून त्येचं बोट धरलं, म्हटलं आता ह्यो नको म्हणंल, दोन धरंल. धरलीच न्हाईत."

मग त्यांनी पलीकडची खोली उघडली. शेणानं सारवलेली, भिंतीला बाज टेकवून ठेवलेली, बाहेरून वेगळं दार. पुढचंच, रस्त्याकडचं. "ही तुमची. म्हणायचे, शेट आधी भांडंल, मग येईल."

मी त्या दारात उभा होतो. गुरं परतत होती, घंटा वाजत होत्या, आणि डोक्यात नुसता गोंधळ. त्याचंच म्हणणं, पहिलं बोट म्हणजे रामराम. मग तो फिरला नाही, मीच रामरामाला भाव समजलो? पण रुमाल ओढल्यावर सौदा होतो, हेही त्याचंच म्हणणं. पटलं नव्हतं तर तेव्हाच तोंड उघडायचं होतं! की त्यानं खरंच माझ्यासाठी समुद्र कबूल केला होता, नंतर ते जमलं नाही, आणि बायकोला ही सबब सांगितली? त्या रुमालाखाली दोनच हात होते. एक मातीत गेला. माझ्या हाताला मात्र एवढंच आठवतं, की एक बोट धरलं होतं आणि घट्ट धरलं होतं. निघताना वहिनींनी त्याचा तोच लाल चौकड्यांचा रुमाल माझ्या हातात ठेवला. मी तो घेतला, पण राग तिथं ठेवून आलो असं म्हणणार नाही.

मला आता गादी मुलाच्या हवाली करायची आहे. कोल्हापुरात राहिलो तर मी त्याला धंदा करू देणार नाही, हे मला कळतं. परवा दुपारी जेवणं झाल्यावर बायकोनं, शालननं, विचारलं, "मग? समुद्र का खेडं?"

"कळंना झालंय," मी म्हटलं.

"तुमा दोघांची बोटं धरून झाली. मला कुणी इचारलंय का?"

खरंच कोणी विचारलं नव्हतं. मी उठलो, खुंटीवरचा लाल चौकड्यांचा रुमाल काढला. त्याला अजून दस्तगीरच्या तंबाखूचा वास आहे. शालनला समोर बसवलं आणि हातांवर तो टाकला. "मला कुठं येतंय तुमचं ह्ये?" ती म्हणाली, पण हात काढला नाही. दाराकडं बघत अगदी बाजारातल्या गड्यासारखं म्हणाली, "यंदा ऊस बरा हाय म्हणं," आणि खाली बोट धरलं.

किती धरली ते लिहिणार नाही. रुमालाखालचं बाहेर सांगायचं नसतं. माझा दुसरा हात सवयीनं रुमालाच्या टोकाकडं गेला होता... तो मी मागं घेतला.

"ह्यो रामराम झाला," मी म्हटलं. "आता भाव बोल."