भांडुपच्या मामांचा नारळ

घराबाहेर कुठेही धड खवलेला नारळ मिळू शकतो, यावर विश्वास नसलेला जगातला शेवटचा माणूस म्हणजे माझ्या पत्नीचे भांडुपचे मामा. मुलुंडला लग्नाला गेले तरी पंगतीत पिशवीतून स्वतःची सोलकढी काढतात. मरोळच्या रुग्णालयात मला पाहायला आले, तेव्हा डब्यातले तिसऱ्यांचे सुके त्यांनी आधी परिचारिकेला वाढले. म्हणाले, "हिका जेवू दे, मगे तुमका सुई हळू टोचतली." मी मात्र वाट चुकलेल्या रिक्षावाल्याचीच क्षमा मागणारा माणूस.

त्यामुळे मुंबईच्या धक्क्यावरून गोव्याच्या क्रूझला निघताना, तपासणी यंत्राच्या पडद्यावर मामांच्या बॅगेत वाकडे, दातेरी पाते आणि दोन गोळे दिसले, तेव्हा मी आधीच क्षमा मागायला तोंड उघडले. पट्टा थांबला. दोन जवान धावत आले.

"काका, हे काय आहे?" तपासणीवरच्या बाईंनी विचारले.

"आडाळी. जपून हां, धार आसा."

"विळी हो, विळी! क्षमा करा," मी पुटपुटलो.

"जहाजावर विळी?"

"मगे नारळ काय दातांनी खवू?"

"पाटा-वरवंटा पण असेल, नीट बघा ना!" रांगेतून कुणीतरी ओरडले.

आडाळी आणि एक नारळ मामांनी मुकाट्याने जमा केला. दुसरा छातीशी धरला. "ह्यो खावचो नाय. दर्याक दिवचो आसा, बायलेच्या नावान."

मामी लग्न होऊन कोकणातून बोटीने मुंबईत आल्या होत्या. बोटीनेच एकदा परत जाऊन दर्याला नारळ द्यायचा, ही त्यांची इच्छा. बोटी बंद झाल्या; गेल्या वर्षी मामीही गेल्या. इतक्या वर्षांत हे मला कुणी सांगितले नाही, की मी कधी विचारलेच नाही?

"काका, जहाजावरून समुद्रात काहीच टाकता येत नाही," बाई हळूच म्हणाल्या.

जन्मभर सर्वांशी वाद घातलेल्या मामांनी नारळाची शेंडी सरळ केली. मग तिथेच, त्या टेबलावर नारळ ठेवून त्यांनी हात जोडले आणि गाऱ्हाणे सुरू केले, "बा देवा म्हाराजा, तिचा मागणा पुरा कर रे म्हाराजा..."

गाऱ्हाण्याला होकार देणारे कुणीतरी लागते. आयुष्यात प्रथमच मी मोठ्याने ओरडलो, "व्हय म्हाराजा!" आणि दचकलो, कारण मागची अर्धी रांग माझ्यासोबत ओरडली होती. बाईंचेही ओठ हलले होते. नारळ त्यांच्याच टेबलावर ठेवून आम्ही जहाजाकडे निघालो.

परतल्यावर चिठ्ठी लावलेली आडाळी आणि जमा केलेला नारळ मिळाला. बाईंकडे ठेवलेला मामींचा नारळ मात्र दिसला नाही. मी चौकशीला निघालो, तोच मामांनी हात धरला. धक्क्याखालच्या पाण्याकडे पाहत म्हणाले,

"इचारू नकात, जावयबापू. दिल्यान असतला तिना."