न आलेल्या संघाची हजेरी

मला नियमांचा राग येत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण मनीषनगरातल्या आमच्या सोसायटीत माझी ख्याती नेमकी उलटी आहे. सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाने मोबाइलवर आलेला कोड विचारला की मी त्याच्यावर खेकसतो. लिफ्टमधल्या सूचना वाचून कुरकुरतो. क्रिकेटचा सामना चालू असताना शेजारचे काका येऊन बसतात आणि पायचीतचा निर्णय पडद्यावर आला की म्हणतात, मशीन खोटं बोलत नाही. मी म्हणतो, बोलत नाही, पण कोणाचं ऐकतही नाही. मग ते चहा अर्धा टाकून जातात आणि बायको मला बोलते.

पण मी तीस वर्षं खो-खोचा पंच आहे. नोकरी कारकुनाची केली, जीव मैदानावर ठेवला. ज्याला नियमांचा तिटकारा आहे तो माणूस भर उन्हात शिट्टी तोंडात धरून दुसऱ्यांच्या पोरींचे पाय रेषेवर पडले की आत, हे बघत उभा राहत नाही. माझा राग वेगळ्यावर आहे. आमच्या चौकात सिग्नल लाल झाला की लोक आधी वर खांबाकडे बघतात, कॅमेरा आहे का ते. असला तर थांबतात. असल्या लोकांनी मला नियम शिकवले की माझं डोकं फिरतं.

गेल्या वर्षी आमच्या संघटनेने शालेय स्पर्धेसाठी टॅबलेट आणले. तोवर सगळं कागदावर चालायचं. कागदावर चालायचं म्हणजे कसं, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

सामन्याची वेळ झाली की मी दोन्ही संघांचा पुकारा करतो. पहिला, दुसरा आणि शेवटचा. शेवटच्या पुकाऱ्यानंतर संघ आला नाही तर समोरचा संघ न खेळता जिंकला. नियम एवढाच. पण बाहेरगावच्या शाळा बसने येतात, कधी उशीर होतो. मग आम्ही जुने पंच काय करायचो? दुसऱ्या पुकाऱ्यानंतर खाली वाकून मैदान बघायचो आणि म्हणायचो, रेषा पुसट झाल्या, फक्की पुन्हा मारा. पांढऱ्या भुकटीचं घमेलं घेऊन माळी निघायचा. एवढ्या मोठ्या मैदानाच्या रेषा मारायला वेळ लागतोच. समोरच्या संघालाही कळायचं की रेषा काही पुसट नाहीत. तेही गप्प बसायचे, कारण पुढच्या वेळी उशीर त्यांना होणार असतो.

दुसरी एक सवय होती. संघ रस्त्यात आहे असं कळलं की गुणपत्रिकेवर त्याच्या नावापुढे पेन्सिलीने बारीक टिक मारून ठेवायची. म्हणजे हजर. आले की वरून पेन फिरवायचा, नाही आले तर खोडरबर. कित्येक वर्षांत मला त्या टिकेबद्दल कोणी एक शब्द विचारला नाही.

टॅबलेटचं प्रशिक्षण एका दुपारी झालं. संघटनेच्या कार्यालयातला एक तरुण कर्मचारी आम्हाला शिकवत होता. तो प्रत्येक वाक्याच्या शेवटी सिंपल आहे म्हणायचा. हे दाबलं की हे उघडतं, सिंपल आहे. मी तासभर हाताची घडी घालून बसलो आणि शेवटी विचारलं, रेषा पुसट झाल्या तर कुठे दाबायचं? बाकीचे पंच हसले. तोही हसला, पण त्याला कळलं नव्हतं. मला त्या हसण्याचंच समाधान झालं आणि उरलेलं प्रशिक्षण मी लक्ष देऊन ऐकलं नाही. हे मी आज कबूल करतो. त्या दिवशी मला फार शहाणा असल्यासारखं वाटत होतं.

स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी सकाळचा पहिला सामना उमरेडकडच्या एका शाळेच्या मुलींचा होता. त्या मुलींना मी आदल्या वर्षी पाहिलं होतं. त्यांची कर्णधार उंच, काटक, खांबावरून अशी वळायची की पाठलाग करणारी पुढे निघून जायची. वयोगटातलं तिचं हे शेवटचं वर्ष होतं. शाळेत खेळाला वेगळ्या शिक्षिका नव्हत्या, गणिताच्या बाईच सराव घ्यायच्या.

वेळ झाली तरी त्या आल्या नव्हत्या. मी पहिला पुकारा केला. तेवढ्यात बाईंचा फोन आला. उमरेड रोडवर ट्रक आडवा पडला होता, दोन्हीकडून रस्ता बंद.

"सर, आमी इथं अटकून राहिलो," त्या धापा टाकत म्हणाल्या. "पोरी पैदल निघाल्या, पलीकडून ऑटो करतो. थोडं थांबून घ्या ना जी."

मी म्हटलं, या तुम्ही, मी आहे. खरंच तसं म्हटलं. मी आहे.

मग दुसरा पुकारा केला, खाली वाकलो, रेषा बघितल्या आणि माळ्याला फक्की मारायला सांगितली. समोरचा संघ झाडाखाली बसला. सगळं जुन्यासारखं चाललं होतं. फक्त माझ्या हातातल्या त्या काळ्या पाटीवर उलटे आकडे पळत होते. तिला फक्की दिसत नव्हती. आकडे संपले की उमरेडचा संघ आपोआप बाद होणार होता.

माझा संताप झाला. एक रस्ता बंद होतो, अकरा-बारा मुली सकाळच्या उन्हात पिशव्या घेऊन चालत निघतात, आणि इकडे कोणीतरी खोलीत बसून ठरवलेली वेळ त्यांना बाद करते. मी त्या पाटीकडे बघत मनात म्हटलं, तुझ्यासारख्या छप्पन्न पाहिल्या. आणि उमरेडच्या नावापुढचा चौकोन दाबला. हजर. हिरवी टिक आली, पळणारे आकडे थांबले. मला इतकं बरं वाटलं की मी माळ्याला म्हटलं, सावकाश मार.

आकडे थांबले नव्हते. पान बदललं होतं. दोन्ही संघ हजर झाले की टॅबलेट नाणेफेकीचं पान उघडतो. दोन्ही कर्णधारांचा नाण्यासोबत फोटो काढून चढवायला पाच मिनिटं देतो. हे त्या दुपारी सांगितलं होतं, मी हाताची घडी घालून बसलो होतो तेव्हा. मी चष्मा पुसून ते पान वाचेपर्यंत दोन मिनिटं उरली होती. मागे जायचं बटण शोधलं. नव्हतं. त्या तरुणाला फोन लावला, तो दुसऱ्या कोणाशी बोलत होता. मग पडद्यावर लाल पट्टी आली. संघ हजर असून मैदानात उतरण्यास नकार.

हे न येण्यापेक्षा वाईट. न आलेला संघ फक्त तो सामना हरतो. हजर राहून न उतरणाऱ्या संघाची शाळा पुढच्या वर्षीच्या स्पर्धेतूनही बाद होते. हा नियम मला शिकवायची गरज नव्हती. काही वर्षांपूर्वी एका संघाने माझ्या निर्णयावर चिडून मैदान सोडलं होतं, तेव्हा सभेत टेबलावर हात आपटून हा नियम मीच करून घेतला होता. सगळ्यांत आधी माझाच हात वर गेला होता.

उमरेडच्या मुली त्यानंतर थोड्याच वेळात आल्या. दोन ऑटोंत दाटीवाटीने बसून. उतरल्या उतरल्या त्यांनी चपला काढल्या, गुडघ्याला पट्ट्या बांधल्या, गोल करून उड्या मारायला लागल्या. मैदान नुकतंच आखलेलं, पांढरंशुभ्र. बाई माझ्याकडे हसत आल्या, म्हणाल्या, थांबले ना सर तुमी. मला त्यांना सांगावं लागलं. त्यांना आधी समजलंच नाही. आमी तं आलो ना, असं त्या दोनदा म्हणाल्या. कर्णधार मुलगी जवळ उभी राहून ऐकत होती. ती गुडघ्याची पट्टी सोडायला खाली बसली.

मी त्या तरुणाला गाठलं आणि सगळ्यांसमोर तोंडसुख घेतलं. तुमचं यंत्र आंधळं आहे म्हटलं. मुली डोळ्यांसमोर उभ्या आहेत म्हटलं. त्याने पडदा बघितला आणि शांतपणे म्हणाला, आता पुढच्या फेरीच्या जोड्याही लागल्या सर, दोन दिवसांत अपील करा, चुकीची नोंद कशी झाली ते लिहून द्या, मी स्वतः वर नेतो. तो मदत करत होता. मला त्याच्या शांतपणाचाच राग आला.

घरी येऊन मी लिहायला बसलो. तीस वर्षांची खदखद होती, बांध फुटला. पहिल्या पानावर लिहिलं की खेळ माणसांचा असतो. दुसऱ्यावर पुकाऱ्याची आणि फक्कीची परंपरा लिहिली. तिसऱ्या पानावर सिलिंडरचा कोड आला, बँक आली, चौकातला कॅमेरासुद्धा आला. चौथ्यावर यंत्रांमुळे ग्रामीण खेळाडूंवर होणारा अन्याय. शब्द असे जमत होते की दोन वेळा कागद फाडून पुन्हा सुंदर अक्षरात लिहिला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बायकोला वाचायला दिला. तिने चारही पानं वाचली, शेवटचं पान उलटून मागे काही आहे का बघितलं.

"याच्यात त्या पोरी कुठं हायेत?" ती म्हणाली.

मी म्हटलं, चौथ्या पानावर आहेत की, ग्रामीण खेळाडू. ती कागद ठेवून स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं, हिला लिखाणातलं काय कळतं. मुदत संपायच्या आत मी ती चार पानं नेऊन दिली आणि पोचही घेतली.

आठवड्याने उत्तर आलं. यंत्रणेत कोणताही बिघाड आढळला नाही, सबब निर्णय कायम. दोन ओळी. मी त्या वाचून आधी संघटनेला, मग यंत्राला, मग एकूण जमान्याला शिव्या घातल्या. सोसायटीत चार लोकांना ते उत्तर दाखवलं. सगळे हळहळले. शेजारचे काकाही त्या दिवशी माझ्या बाजूने बोलले. तुमच्यासारखा माणूस लढला म्हणाले. मला ते आवडलं.

त्याच भरात मी रविवारी उमरेडची बस पकडली. मुलींना सांगायचं होतं की आपण हरलो नाही, आपल्याला हरवलंय. शाळेच्या मागच्या मैदानावर सराव चालला होता. बाईंनी सगळ्यांना बसवलं आणि मी बोललो. अर्ज कसा लिहिला, त्यात काय काय लिहिलं, उत्तर किती उर्मट आलं. मुली मांडी घालून ऐकत होत्या. अर्जाची नक्कल मी सोबत नेली होती, ती बाईंनी कर्णधार मुलीच्या हातात दिली. तिने ती ओळीवर बोट ठेवत वाचली. पानं उलटायला तिने घाई केली नाही. मी तोवर पाणी प्यायलो.

"सर, हजर म्हणून टिक कोनं मारली होती?" तिने विचारलं.

मी म्हटलं, मी. तुमच्यासाठीच.

"थे इथं दिसत नाही मले."

मी म्हटलं, तो मुद्दा नाही बेटा, मुद्दा यंत्राचा आहे. तिने मान हलवली. मागे बसलेल्या एका लहान, तशाच काटक मुलीकडे बोट दाखवलं. ती तिची बहीण होती, पुढच्या वर्षी तिच्या जागी उतरणार होती.

"माह्यं तं झालं सर. पन आता तिलेबी घरी बसा लागते," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, खरंच विचारत होती. "चार पानाईत तेवढी एक ओळ नाही बसली का जी?"

खरं सांगतो, मला आधी तिचाच राग आला. एवढीशी पोर मला विचारते. उत्तर तोंडापर्यंत आलं होतं, तेवढ्यात मला दिसलं की बाई खाली बघतायत. मी बोलत होतो तेव्हाच त्यांनी ती पानं वाचली असणार. टिक मी मारली, ही एक ओळ लिहिली असती तर मुलींची बंदी उठली असती आणि पंचांच्या यादीतून माझं नाव गेलं असतं. हे मला त्या दोन दिवसांत एकदाही सुचलं नाही असं मी स्वतःला सांगत आलो होतो. सुचलं होतं. पहिल्या पानाच्याही आधी सुचलं होतं.

मी म्हणालो, नाही. नाही बसली. तिने पानं नीट घडी करून मला परत दिली आणि बहिणीला उठवून खांबाकडे घेऊन गेली.